हार्टलपूलचा साग

बाबा कुणाच्याही नव्या घरी गेले की दारावर टकटक करायचे. दार सताड उघडं असलं तरी. मधल्या बोटाचं पेर वाकवून चौकटीवर वर, मध्ये आणि खाली असं तीनदा वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच चप्पल काढायचे. आई ओशाळून जायची. चुलतभावाच्या वास्तुशांतीला तर त्यांनी भर पंगतीत निकाल दिला होता, "साग म्हणून दिलंय, पण साग नाही. आणि खाली पाणी धरलंय." पुढची दोन वर्षं त्या घरी आमचं जाणंयेणं बेताचंच राहिलं.

बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सुतार होते. कागदोपत्री शिपराइट, म्हणजे जहाजांचा सुतार, पण तो शब्द वापरला की समोरचा पुढे विचारत बसायचा, म्हणून सुतारच. डोंबिवलीहून सकाळची लोकल, व्हीटीला उतरून चालत लायन गेट. घरात आम्ही त्याला गोदी म्हणायचो. त्या गेटाच्या आत काय आहे हे आम्ही भावंडांनी कधी पाहिलं नाही. नौदलाचं आवार, तिथे कुणाला सोडणार? बाबांच्या शर्टाला येणारा लाकडाचा आणि तेलाचा वास, तेवढीच आमची गोदी.

गोदीतल्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र पुन्हापुन्हा सांगायचे. "आपल्या गोदीत वाडियांनी बांधलेलं एक जहाज विलायतेत अजून तरंगतंय. दोनशे वर्षं होत आली. सागाचं आहे ना." यातलं 'सागाचं आहे ना' हे वाक्य ते अशा सुरात म्हणायचे, जसं एखाद्या म्हाताऱ्याबद्दल म्हणावं, 'जुन्या तुपावरचा माणूस आहे ना.' आम्ही हूं म्हणायचो. जहाजाचं नाव त्रिंकोमाली. ते बाबांनी कधी पाहिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला, न्यूकॅसलला गेले होते. एका दुपारी नकाशा बघता बघता हार्टलपूल, त्रिंकोमाली जिथे आहे ते गाव, दिसलं आणि बाबांचा तो सूर आठवला. लेक म्हणाली, "आई, तासाभराचा तर रस्ता आहे, जाऊन येऊ." गाडी संडरलंडवरून जाते, पुढे बराच वेळ समुद्र डाव्या हाताला असतो. उत्तर समुद्र. राखाडी. आपल्या समुद्राला निदान एक उबदार वास तरी असतो.

हार्टलपूलबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण तिथला माणूस भेटला की ती निघतेच. नेपोलियनच्या युद्धाच्या काळात या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं, त्यातून एक माकड तेवढं जिवंत वाचलं, आणि गावकऱ्यांनी त्याला फ्रेंच हेर समजून फाशी दिली, अशी दंतकथा आहे. गावाने ती लाज न बाळगता मिरवली आहे. फुटबॉल क्लबचं सोंग माकडाचंच आहे, आणि २००२ मध्ये त्या सोंगाच्या आत नाचणारा माणूस, स्टुअर्ट ड्रमंड, निवडणुकीला उभा राहून चक्क महापौर झाला. असं गाव मला लगेच आवडतं.

तर या गावाच्या गोदीत, संथ पाण्यात, तीन डोलकाठ्यांचं ते काळंपांढरं जहाज उभं आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या माणसाचा लाकडी पुतळा. तो फेटा बघून मी आणि लेक दोघी हसलो. ना पुणेरी, ना कोल्हापुरी, ना राजस्थानी. ज्याने तो कोरला त्याने हिंदुस्थानी माणूस ऐकलेला असावा, पाहिलेला नसावा.

जहाजाची जन्मकथा माझ्या डोक्यात मात्र तारखांमुळे पक्की बसली. इंग्रजांना फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, हव्या होत्या आणि त्यांच्या देशात ओक संपत आला होता. नेपोलियनशी लढता लढता रानं रिकामी झालेली. म्हणून १८१२ मध्ये मुंबईच्या गोदीत सागाचं जहाज बांधायचं ठरलं. आराखडा लीडा जातीच्या फ्रिगेटींचा, आणि तो मुळात फ्रेंचांकडून पकडलेल्या एका जहाजावरून उचललेला. तो नकाशा घेऊन 'जावा' नावाचं जहाज निघालं, तर डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्याला गाठलं आणि त्याची वाट लावली. नकाशे गेले, पुन्हा पाठवावे लागले. गंमत अशी की ते कॉन्स्टिट्यूशनही अजून बोस्टनला तरंगतंय. जुन्यातल्या जुन्या तरंगत्या युद्धनौका मोजायला बसलं तर आधी त्याचं नाव येतं आणि मग त्रिंकोमालीचं. दोनशे वर्षांपूर्वी ज्याने हिचा जन्म लांबवला, तोच आता वयातला एकमेव स्पर्धक.

१८१६ मध्ये कणा घातला. जमशेदजी बमनजी वाडिया तेव्हा गोदीचे मुख्य बांधणारे. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले, त्यांच्या घराण्यातले. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेदजींनी कण्यात चांदीचा कोरीव खिळा ठोकला. तो ठोकल्याशिवाय जहाजाला बरकत नाही. आपण नाही का, पायात नवरत्नं पुरतो.

आणि जहाज पाण्यात उतरलं ते १२ ऑक्टोबर १८१७ ला. ही तारीख वाचली तेव्हा मी थबकले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. शाळेत आम्हाला मुंबई आणि पुणे वेगवेगळ्या धड्यांत शिकवलं. मुंबईत सागाचं जहाज गोदीतून उतरताना बघून लोक परतले असतील, त्यानंतर सव्वा महिन्यात घाटावर पुणं पेशव्यांच्या हातून गेलं. दोन्हीकडची तयारी एकाच वेळी चालू होती.

इथे एक जुनी ठसठस आहे. आपल्याकडेही आरमार होतं, आंग्र्यांचं. गुराबा होत्या, गलबतं होती. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये गावी खडक तोडून केलेली गोदी अजून बघता येते, मी पाहिली आहे, ओहोटीला आत चिखल आणि खेकडे असतात. पण त्या आरमारातलं एकही जहाज उरलेलं नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले आणि विजयदुर्गापुढे नांगरलेलं तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. जमिनीकडून पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्याच बाजूने उभं होतं, हेही विसरू नये. आग लागली कुठून? तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या एका जहाजावर तोफेचा गोळा पडला, ते पेटलं आणि त्याच्यापासून बाकीची पेटली. त्या जहाजाचं नाव होतं 'रिस्टोरेशन'. म्हणजे पुनःस्थापना, जीर्णोद्धार. इतिहास कधीकधी फार थंडपणे विनोद करतो.

त्यामुळे त्रिंकोमालीला 'आपलं' म्हणताना माझी जीभ अडखळते. आपल्या किनाऱ्यावर घडलेलं, पण घडवून घेणारा दुसरा. जमशेदजींनीच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' नावाच्या जहाजावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेलं. अफूच्या युद्धाचा शेवट मुंबईच्या सागावर सह्या करून झाला. अशा कामगिरीचा अभिमान कसा बाळगायचा? आणि साग तरी कुठून आला? मलबारच्या रानांतून. तिथे तो नीट हाती लागावा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाचा रानरक्षक नेमला (तो विजयदुर्गाचा वॉटसन वेगळा), आणि सागाची मक्तेदारी करून टाकली. काही वर्षांत लोक इतके वैतागले आणि रान इतकं ओरबाडलं गेलं की १८२३ मध्ये ते पद बंद करावं लागलं. रक्षक नेमून रान संपवण्याची कला जुनीच आहे.

हे सगळं खरं आणि तरीही बाबांचा तो सूरही खरा. "सागाचं आहे ना." कारण सुतार लाकडाकडे बघतो, ते कुणी कशासाठी नेलं हे त्याला विचारलेलं नसतं. ओकच्या लाकडात एक आम्ल असतं, त्यातले लोखंडी खिळे आणि बोल्ट झिजत जातात, खिळ्याभोवती लाकूड काळं पडून सडतं. सागात तेल असतं. ते खिळ्याला धरून ठेवतं. बाबांच्या भाषेत, "ओक खिळ्याशी भांडतो, साग नांदतो."

जहाज तयार झालं तेव्हा त्याची गरज संपलेली होती. वॉटर्लू होऊन दोन वर्षं झालेली. ते १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचलं आणि त्याच्यावर छप्पर घालून त्याला उभं करून ठेवलं. किती वर्षं? १८४५ पर्यंत. एवढा खर्च, एवढा साग, तो चांदीचा खिळा, आणि पंचवीस वर्षं नुसतं उभं. पुढे तोफा कमी करून, मागची बाजू बदलून त्याला कामावर घेतलं. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक. मोठी लढाई त्याच्या वाट्याला आलीच नाही. युद्धनौका म्हणून बघाल तर कारकीर्द अगदी मामुली.

माझ्या मते म्हणूनच ते वाचलं. पराक्रमी जहाजं बुडतात, जळतात, किंवा फार दमून जातात. हे दमलंच नाही. आणि जेव्हाजेव्हा त्याचा उपयोग संपला तेव्हातेव्हा कुणीतरी त्याला दुसरं काम दिलं. आधी नौदलाच्या राखीव खलाशांना शिकवायचं काम. ते संडरलंड आणि याच हार्टलपूलला, नंतर साउथॅम्प्टनला. १८९७ मध्ये भंगारात विकलं. त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाचं 'फूद्रोयां' हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. ते एकेकाळी इंग्रज नौसेनापती नेल्सनचं निशाणाचं जहाज होतं. कॉब मुलांना त्यावर जहाजाची कामं शिकवत असे. त्याने भंगारातलं त्रिंकोमाली विकत घेतलं आणि त्याला गेलेल्या जहाजाचं नाव दिलं. सासरी गेल्यावर नाव बदलावं तसं आमचं त्रिंकोमाली फूद्रोयां झालं आणि नव्वदेक वर्षं त्याच नावाने नांदलं. आधी फॅल्मथला, मग १९३२ पासून पोर्ट्समथला. हजारो मुलांनी त्यावर झुले टांगून झोपा काढल्या, वल्ही मारली, डेक घासले. १९८६ पर्यंत.

त्याच्या शेजारी पोर्ट्समथला दुसरं एक म्हातारं जहाज असायचं, 'इम्प्लॅकेबल'. ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेलं, नंतर पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसे नव्हते. २ डिसेंबर १९४९ ला इंग्रजांचं आणि फ्रेंचांचं अशी दोन्ही निशाणं वर चढवून, स्फोटकं भरून ते भर समुद्रात बुडवलं गेलं. मानाने. लोक हळहळले, आणि पुढे जुनी जहाजं वाचवायच्या चळवळीला त्या हळहळीतून बळ मिळालं. मला मात्र ती दोन निशाणं खटकतात. इतमामाला पैसे लागत नाहीत, डागडुजीला लागतात.

१९८७ मध्ये फूद्रोयांला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. इथेच का? कारण 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार इथे नुकताच पुरा झाला होता आणि हाताला सवय असलेली माणसं इथे होती. हार्टलपूल एकेकाळी जहाजं बांधणारं गाव. १९६० च्या दशकात इथला मोठा कारखाना बंद पडला. मुंबईच्या गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. संप, बंद भोंगे, आणि हातात कसब असलेले पण हाताला काम नसलेले पुरुष कट्ट्यावर बसलेले. फरक इतकाच की इथे त्यातल्या काही हातांना एक जहाज मिळालं. १९९० ते २००१ असं काम चाललं, एक कोटी पाच लाख पौंड लागले. मधेच १९९२ मध्ये त्याला माहेरचं नाव परत मिळालं.

तळाशी उतरताना माझं डोकं तुळईला आपटलं. लेक म्हणाली, "आई, वाक जरा." तोफांच्या मजल्यावर एकवेळ उभं राहता येतं. दीडशे फूट लांबीच्या त्या मजल्यावर तोफा, त्यांच्यामध्ये लटकवलेली जेवणाची टेबलं. त्याखालच्या मजल्यावर अंधार. तिथे शाळेच्या सहलीची मुलं होती. बाई त्यांना झुले मोजायला सांगत होत्या आणि मुलं एकमेकांना तोफेच्या तोंडात डोकं घालायला लावत होती. वरच्या डेकवर लग्नंही लागतात म्हणे. लेकीने माझ्याकडे न बघता पाटी वाचल्यासारखं केलं. मीही काही बोलले नाही.

लग्नं, सहली, तिकिटं. एखाद्याला वाटेल की युद्धनौकेची काय ही दशा. मला तसं वाटलं नाही. प्लायमाउथ, पोर्ट्समथ सोडून या गावात उतारू येतात ते या जहाजासाठी. त्याच्याभोवती जुन्या बंदरासारखी घरं उभारली आहेत, नौदलाचं संग्रहालय आहे, चहाचं दुकान आहे. जहाज कामावर आहे. ट्रफाल्गरला नेल्सन ज्यावर होता ते 'व्हिक्टरी' एवढं थोर, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत टेकू लावून उभं आहे. हे पाण्यात आहे. भरतीओहोटी नाही तिथे, पण पाणी आहे. पाय ठेवला की किंचित हलल्यासारखं वाटतं. कदाचित मलाच वाटलं असेल.

खाली एक म्हातारा स्वयंसेवक उभा होता. त्याने विचारलं कुठून आलात. मी म्हटलं, मुंबईहून. असं सांगितल्यावर त्या जहाजावर जरा वेगळी वागणूक मिळते, हे कबूल करते. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी एकाच गावच्या." जहाजाला ते लोक बाई मानतात, म्हणून दोघी. मी सांगितलं की माझे वडील त्याच गोदीत सुतार होते. तो गप्प झाला. मग म्हणाला, तरुणपणी त्यानेही या कामावर चार वर्षं काढली. त्याने हात पुढे केला. उजव्या हाताचं करंगळीचं पेर नव्हतं. बाबांचं डाव्या हाताचं नव्हतं. वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवणाऱ्यांचं हे गोत्रच असावं.

जुनं किती उरलंय, असं मी विचारलं. साठ टक्क्यांहून जास्त, तो म्हणाला. बाकीचं नवं. तसा जुन्या रानातला साग आता कुठे मिळणार, म्हणून दुसरी कठीण लाकडं घालावी लागली. खरं जहाज कुठलं मानायचं, जुन्या फळ्यांचं की नव्या, असला प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हता. बाबांच्याही नसता आला. आमच्या घरच्या पाटाचा पाय त्यांनी तीनदा बदलला आणि फळी एकदा, तो पाट आईच्या लग्नातलाच राहिला.

चांदीचा खिळा कुठे आहे, हेही विचारलं. त्याने पायाखाली बोट दाखवलं. तिथे पुन्हा लाकूड होतं, त्याखाली अजून लाकूड.

मला त्या वेळी लायन गेट आठवलं. हे जहाज जिथे घडलं ती जागा मी आजवर आतून पाहिलेली नाही. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही सगळे गेटाबाहेर हार घेऊन उभे होतो. ते बाहेर आले, हातात पितळी पट्टीची पेटी, त्यात रंधा, पटाशी, गुण्या आणि तो वाकस. हार घालून घेतला आणि म्हणाले, चला, नाहीतर जलद गाडी चुकेल. जमशेदजींचं नाव इतिहासात राहिलं, आणि राहायलाच हवं. त्यांच्या हाताखाली ज्यांनी फळ्या तासल्या त्यांना त्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, सुट्टी होती की दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा कणा, असं मला उगाच वाटत राहिलं.

"वाजवून बघू का?" मी विचारलं. त्याला समजलं नाही, लेकीला समजलं. तिने त्याला इंग्रजीत सांगितलं, आजोबांचं सगळं, चुलतमामाच्या वास्तुशांतीसकट. तो इतका हसला की सहलीतली मुलं वळून बघायला लागली. मग त्याने मला एका बरगडीपाशी नेलं. ही मुंबईची, म्हणाला. आणि शेजारची आमची. ऐका.

मी पेर वाकवलं. वर वाजवलं. भरीव, दाट, आखूड आवाज. शेजारच्या नव्या बरगडीवर वाजवलं. जवळपास तसाच. मला खरंच फरक कळला नाही. बाबांना कळला असता आणि त्यांनी तो त्याला तोंडावर सांगितलाही असता. मध्ये वाजवलं. तोच आवाज.

वरून कुणीतरी वेळ संपल्याची हाक दिली. मुलं जिन्याकडे पळाली. स्वयंसेवकाने घड्याळ बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "झालं?" लेकीने विचारलं.

तिसरी टकटक खाली करायची असते. पाणी धरतं ते खालीच. त्यासाठी मला गुडघे टेकून बसावं लागलं.